आत्याच्या माळ्यावरचा हूवर: किंमत विचारण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मधूनच वाचायला घेणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात नौपाड्यातली तुमच्या आत्याची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे आणि महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय. माळा उतरवताना दोन व्हॅक्यूम क्लीनर निघाले. एक उभा, कापडी पिशवीचा, ‘हूवर ज्युनिअर’ नावाचा, खाली ‘मेड इन इंग्लंड’. दुसरा युरोक्लीन, खोक्यासकट. भंगारवाला दोन्हीचे मिळून ४०० द्यायला तयार आहे. तुम्ही नेटवर परदेशातले आकडे बघितलेत आणि आता विचारताय की यांची खरी किंमत किती, आणि विकायच्या आधी पॉलिश करून, चालू करून घ्यावेत का.

मी वागळे इस्टेटमध्ये मोटर वायंडिंगचं दुकान चालवते. वडिलांनी सुरू केलेलं, गेली २७ वर्षं माझ्याकडे आहे. मिक्सर, ड्रिल, पंप हे पोटासाठी आणि जुने व्हॅक्यूम क्लीनर हे वेड. सध्या ३६ आहेत. त्यातले ११ घरात, आणि बारावा आला तर मी बाहेर, असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलंय.

किंमत हा तुमचा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: घर रिकामं करायच्या गडबडीत या यंत्रांचं काय काय बिघडू शकतं? बाजारभाव तुमच्या हातात नाही. तो मॉडेलवर, अवस्थेवर, सोबतच्या सामानावर आणि नेमका कोण गिऱ्हाईक भेटतो यावर ठरतो. पण आहे ती किंमत घालवायला एक रविवार दुपार आणि एक उत्साही भाचा पुरतो.

वयापासून सुरू करते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. जुना म्हणजे महाग, असं या वस्तूंत चालत नाही. हूवरने लंडनजवळ पेरिवेलला १९३०च्या दशकात कारखाना उभारला. पांढराशुभ्र, आर्ट डेको घाटाचा, अजूनही उभा आहे, मागच्या भागात सुपरमार्केट चालतं. हूवरची यंत्रं तिकडे इतकी घरोघर गेली की इंग्रज माणूस आजही घर ‘हूवर’ करतो, मग हातातलं यंत्र कुठल्या का कंपनीचं असेना. जी वस्तू घरोघर होती ती ६०-७० वर्षांनीही बऱ्यापैकी शिल्लक असते. तुमचा ज्युनिअर त्यातलाच. तेव्हा नेटवरचा तो आकडा जरा बाजूला ठेवा. तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नाही.

मग पैसे कशाला मिळतात? एक म्हणजे पहिलेपणाला. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरी स्पँग्लर नावाचा सफाई कामगार होता. झाडूने धूळ उडायची आणि दमा उसळायचा, म्हणून त्याने पंख्याची मोटर, पेटी, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जुळवून एक यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. चामड्याच्या सामानाचा धंदा असलेल्या विल्यम हूवरने ते हक्क घेतले आणि त्याच वर्षी ‘मॉडेल ओ’ बाजारात आणलं. ते कुणाच्या माळ्यावर सापडलं तर मला रात्री दोनलाही फोन करा. १९२१चं स्वीडिश कंपनी इलेक्ट्रोलक्सचं ‘मॉडेल व्ही’ तसंच. घसरगाडीसारख्या दोन पट्ट्यांवर आडवं ठेवलेलं नळकांडं. आपल्याकडे दिवाळीला जे सोफ्याभोवती फिरतं त्याचा तो खापरपणजोबा. १९२६च्या हूवर ७०० मध्ये ब्रशबरोबर गालिचा बडवणारी पट्टी आली, म्हणून त्यालाही मान आहे.

दुसरं म्हणजे रूप. १९३६चं हूवर १५० हेन्री ड्रायफस या डिझायनरने घडवलं, १९३७चं इलेक्ट्रोलक्स ३० लुरेल गिल्ड या दुसऱ्या डिझायनरने. ही यंत्रं आमच्यासारखे मोटरवेडेही मागतात आणि ज्यांना मोटरशी काही देणंघेणं नाही पण घाटाचं वेड आहे असे लोकही. दोन वेगळ्या जातीचे गिऱ्हाईक एकाच वस्तूवर टपले की भाव चढतो. हूवरचं १९५०च्या दशकातलं ‘कॉन्स्टेलेशन’ गोल चेंडूसारखं आहे. त्याची बाहेर पडणारी हवाच त्याला जमिनीपासून किंचित उचलून धरते. माझ्याकडे एक आहे. आपल्या गुळगुळीत मोझेकवर ते असं तरंगतं की पाहुण्यांची पोरं ते सोडून चहाला येत नाहीत.

आणि वय नसूनही भाव असलेलं उदाहरण द्यायचं तर डायसन. ५,१२७ नमुने बनवून बघितल्यावर जेम्स डायसनला पिशवीशिवायचं यंत्र साधलं. त्याचं गुलाबी ‘जी-फोर्स’ १९८०च्या दशकात जपानमध्ये विकलं गेलं, थोडंच आणि महाग. स्वतःच्या नावाचं डीसी०१ आलं ते १९९३ मध्ये. जी-फोर्स तुमच्या ज्युनिअरच्या नातवाच्या वयाचा, पण भाव त्याच्या कितीतरी पट.

आता आपल्याकडचं. इथे व्हॅक्यूम क्लीनर मुळातच कमी आले, कारण गरजच नव्हती. शहाबादी किंवा मोझेकची फरशी, केर काढला, ओल्या फडक्याने पुसलं, झालं. गालिचा म्हणजे सतरंजी, आणि ती गच्चीत नेऊन काठीने बडवायची. जे आले ते बोटीवरच्या नोकरीतून, आखातातून, नाहीतर परत निघालेल्या साहेबाच्या सामानातून. म्हणून ज्युनिअर इंग्लंडमध्ये पैशाला पासरी असला तरी ठाण्यात विरळा आहे. पण विरळा असून उपयोग काय, घेणाराही विरळाच. ही आपल्या बाजाराची खरी अडचण.

याच कारणाने मला तुमच्या दुसऱ्या यंत्रात जास्त रस आहे, आणि तुम्ही ते एका ओळीत उडवलंत! युरोक्लीन विकणारी युरेका फोर्ब्स १९८२ मध्ये इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत सुरू झाली आणि व्हॅक्यूम क्लीनर दारोदार जाऊन विकायला लागली. आमच्या घरी आलेला टायवाला मला लख्ख आठवतो. त्याने आईने सकाळीच झटकलेली गादी मागितली, यंत्राच्या नळीच्या तोंडाला पांढरं फडकं लावून दोन मिनिटं ते गादीवर फिरवलं आणि फडक्यावरची करडी भुकटी सगळ्यांना दाखवली. आई यंत्रावर नाही, त्याच्यावर रागावली. तो गेल्यावर तिने गादी पुन्हा झटकली. यंत्र आम्ही घेतलं नाही, पण चाळीत तीन घरांनी हप्त्यावर घेतलं. मराठी मध्यमवर्गाच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर असा शिरला. त्या सुरुवातीच्या वर्षांतलं यंत्र खोकं, बिल, गॅरंटी कार्ड आणि सगळ्या नोझलांसकट फार कमी घरांत उरलंय. आज त्याला परदेशात कुणी विचारणार नाही. पण इथला संग्राहक पुढे हेच शोधेल असं माझं मत आहे, आणि मी स्वतः तसे चार घेऊन ठेवलेत. मत चुकलं तर चार यंत्रं गळ्यात, एवढीच जोखीम. तुमच्या खोक्यात बिल असेल तर त्यावरची तारीख बघा. ते बिल यंत्रापासून वेगळं करू नका.

आता जोडसामान. किमतीतला सगळ्यात मोठा फरक मी इथेच पाहिलाय. यंत्र जड असतं, कुणी सहज फेकत नाही. हरवतात त्या नळ्या, सोफ्याचं चपटं नोझल, फटीत घालायचं निमुळतं नोझल, गोल ब्रश. उभ्या हूवरला पाइप जोडायचा एक वेगळा तुकडा लागतो आणि तो तर सगळ्यात आधी जातो. नुसता ज्युनिअर आणि सगळ्या सामानासकटचा ज्युनिअर यांत मी दुप्पट-तिप्पट फरक मोजलाय.

एक किस्सा सांगते. पाचपाखाडीत एका आजींकडे जुना इलेक्ट्रोलक्स घ्यायला गेले होते. यंत्र उत्तम, पिशवी शाबूत, पण धातूच्या दोन नळ्यांपैकी एक नाही. दिवाण उघडला, माळा पाहिला, कोळशाचं जुनं पिंप पाहिलं. मिळेना. निघताना चपला घालत होते तर गॅलरीच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायची काठी दिसली. टोकाला चिंधी गुंडाळून रबर बांधलेलं, आणि मधेच क्रोम चमकतंय. नळीच ती! किती वर्षं वापरात होती कोण जाणे. आजी म्हणाल्या, “ती नेलीस तर मी वरच्या दांडीवर टाकू कशाने?” जांभळी नाक्यावरून वेताची काठी आणून दिली, चिंधीसुद्धा त्यांच्या मनासारखी बांधून दिली, तेव्हा नळी हातात आली. म्हणून सांगते, आत्याच्या घरातलं सामान टेम्पोत भरण्याआधी फक्त माळा नाही, सगळं घर बघा. पडद्याची दांडी बघा. सुयादोऱ्याचा डबा बघा, बेल्ट आणि मोटरचे कार्बन तिथे सापडतात.

पॉलिशबद्दल मात्र कळकळीची विनंती: हात लावू नका. हे मी पुस्तकातून नाही, स्वतःच्या खिशातून शिकलेय. सुरुवातीच्या काळात एक सुंदर हूवर मिळाला होता. ॲल्युमिनियमचा हूड, म्हणजे मोटरवरचं झाकण, जरा काळवंडलेला, रंग दोन ठिकाणी उडालेला. ओळखीच्या युनिटमध्ये नेऊन हूड बफ करून घेतला, बाकीला पावडर कोटिंग मारलं. आरशासारखा झाला. नाव छापलेलं ट्रान्सफरचं चित्र बफिंगमध्ये पुसलं गेलं, त्याचं मला तेव्हा काही वाटलंसुद्धा नाही. पुण्याहून एक संग्राहक फोटो न बघता, नुसत्या मॉडेलच्या नावावर ९,००० द्यायला तयार होऊन आले होते. दारातच थांबले आणि म्हणाले, “अरेरे.” शेवटी २,५०० देऊन नेला, तेही पार्टसाठी. बफिंग-कोटिंगचे १,८०० माझे मीच भरले होते. मूळचा रंग, मूळचं नाव, मूळची झीज एकदा गेली की परत आणता येत नाही. घाण कधीही काढता येते.

काढायचीच तर मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका आणि किंचित ओल्या सुती कापडाने पुसा. बस. काळा-तपकिरी भाग बॅकेलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लॅस्टिकचा असणार. अंगठ्याने जोरात घासून गरम करा आणि वास घ्या. कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बॅकेलाइट नक्की. त्यात भर म्हणून लाकडाचा भुसा असतो, वरचा तकतकीत थर गेला की ते पाणी पितं आणि कायमचं निस्तेज होतं. त्यामुळे साबणाच्या पाण्यात बुडवणं नाही, लिंबू नाही, चिंच तर अजिबात नाही. तांब्या-पितळेचे नियम इथे लावू नका.

आता चालू करून बघायचं. भावाच्या दृष्टीने सांगायचं तर यंत्र चालतं की नाही याला लोक समजतात तेवढं महत्त्व नाही. मूळ मोटर जागेवर असली की संग्राहक बंद यंत्रही घेतो. जिवाच्या दृष्टीने मात्र हा परिच्छेद दोनदा वाचा. या यंत्रांची बॉडी धातूची आणि बहुतेकदा वायर दोनच तारांची, म्हणजे अर्थिंग नाही. वायरीतलं रबर इतक्या वर्षांत बिस्किटासारखं झालेलं असतं. बाहेरून सुती वेष्टण छान दिसतं आणि वाकवलं की आत कुरकुर आवाज येतो. तो आवाज आला की पिन बोर्डात घालायची नाही. स्विचजवळ रेडिओची खरखर थांबवायला बसवलेला जुना कागदी कपॅसिटर असेल तर तो धूर काढून फुटू शकतो.

मी काय करते ते सांगते. आधी हाताने पंखा फिरतो का बघते. मग मेगर, म्हणजे वीज तारांतून बॉडीत झिरपते का हे मोजणारं मीटर. यंत्राचा स्विच चालू ठेवून पिनांचे दोन्ही पाय एकत्र जोडायचे, एक टोक तिथे, दुसरं बॉडीच्या स्क्रूवर, आणि ५०० व्होल्टला रीडिंग घ्यायचं. एक मेगोहमच्या खाली असेल तर थांबायचं. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात जवळपास प्रत्येक जुनी मोटर खाली दाखवते, कारण कॉइलने ओल धरलेली असते. अशा वेळी घाबरून रिवायंडिंगला काढू नका. लाकडी खोक्यात मोटर ठेवून शेजारी ६० वॅटचा पिवळा बल्ब दोन दिवस पेटता ठेवायचा. (हा बल्बच हल्ली शोधावा लागतो.) मागच्या पावसाळ्यात एक मोटर अशीच ०.३ मेगोहमवरून दोन दिवसांत २० वर गेली. रीडिंग सुधारलं की मगच सिरीज बोर्डवर, म्हणजे १०० वॅटचा बल्ब मधे घालून. मोटर सावकाश फिरली तर ठीक. बल्ब पूर्ण पेटला आणि मोटर ढिम्म, तर शॉर्ट आहे किंवा कुठेतरी अडकलंय.

आणखी दोन धोके तुमच्या ज्युनिअरला लागू नसतील, पण हे वाचून माळे शोधणाऱ्यांसाठी लिहिते. अमेरिकन यंत्र ११०-१२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० वर लावलं तर काही सेकंदांत आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जातं. त्याला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. ५० की ६० हर्ट्झ याची चिंता नको, या मोटरी एसी-डीसी दोन्हीवर फिरतात. आणि तारांच्या रंगावर विसंबू नका. अमेरिकन वायरीत काळी तार लाइव्ह असते, जुन्या जर्मन वायरीत लाल म्हणजे अर्थ. आपल्या सवयीने लाल लाइव्हला जोडली की अख्खी बॉडी जिवंत.

व्होल्टेज कळायला नेमप्लेट बघायची, आणि ती बघताना सगळंच टिपून घ्या: मॉडेल, सीरियल नंबर, पेटंटचे आकडे. साल थेट लिहिलेलं बहुधा नसतं, ते या आकड्यांवरून काढावं लागतं. नेमप्लेट उपटलेली असेल तर भाव निम्म्यावर येतो असं धरून चाला.

आता आकडा, कारण तो दिला नाही तर तुम्ही म्हणाल बाई नुसतं बोलत राहिली. ठाणे-नवी मुंबईत मी स्वतः ज्युनिअर ८०० पासून ३,५०० पर्यंत घेतलेत. ८०० चा म्हणजे पिशवी फाटलेली, वायर कापलेली. ३,५०० चा म्हणजे सामान पूर्ण. एकच ९,००० ला विकलाय. त्याच्याबरोबर खोकं, माहितीपुस्तिका आणि १९५०च्या दशकातली मुंबईच्या दुकानाची पावती होती. गिऱ्हाईकाने खरे पैसे त्या पावतीचे दिले. परदेशात पाठवायचं म्हणाल तर ज्युनिअरसाठी हिशेब बसत नाही, वजनाचं कुरिअर यंत्राहून महाग पडतं. आणि कुणाकडे खरोखर शंभर वर्षांपलीकडचं काही निघालं, तर बाहेर पाठवण्याआधी १९७२चा पुरावस्तू कायदा बघून घ्या. शंभरी ओलांडलेल्या वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

भंगारवाल्याचे ४०० चुकीचे नाहीत. तो ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या वजनाचे देतोय आणि त्याच्या हिशेबाने बरोबर देतोय. फक्त त्याला महिनाअखेरीपर्यंत थांबवा. तोवर दोन्ही यंत्रं जुन्या सुती चादरीत गुंडाळा. प्लॅस्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. आणि जमिनीपासून वर ठेवा. पाइप असेल तर दुमडू नका, मोठं वेटोळं करा.

मग इथे फोटो टाका: नेमप्लेटचा जवळून, पिशवीचा पुढून-मागून, वायरीचं पिनेकडचं टोक, खालून ब्रश आणि बेल्टची जागा, युरोक्लीनचं खोकं आणि आत जे असेल ते सगळं जमिनीवर मांडून. त्यावरून मी बराच नेमका आकडा सांगू शकेन. आणि हूवरची ती कापडी पिशवी धुवायची नाही, हे आत्याला आजच सांगून ठेवा. आवराआवरीत ती बादलीत जाणारच, मी इतक्या घरांत पाहिलंय.